घरं मोजणारे अष्टपुत्रे सर

अष्टपुत्रे सर गेल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलं. माझ्याकडेही दोन पानं मागितली. "सरांच्या पुस्तकातले सगळे नकाशे तुम्ही काढलेत, तुम्ही हवेतच," असं एक बाई फोनवर म्हणाल्या. मी लिहायला बसलो. तिसऱ्या ओळीत 'ऋषितुल्य' हा शब्द आला तेव्हा मला माझीच लाज वाटली आणि कागद फाडून टाकला. स्मरणिका माझ्याशिवाय निघाली. त्यात सगळ्यांनीच तो शब्द वापरला आहे.

मी आराखडे काढणारा माणूस. लोणावळ्यात बाजारपेठेच्या मागे माझा गाळा आहे, राहायला कामशेतला. बंगलेवाल्यांचे नकाशे काढायचे, नगरपरिषदेत दाखल करायचे, हे माझं पोट. एका दुपारी दारात एक उंच, गोरा, सत्तरीकडे झुकलेला माणूस उभा राहिला. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम आणि हातात सुतारासारखा पोलादी टेप. आत येऊन नाव सांगण्याआधी त्यांनी माझा गाळा मोजला.

"दहा बाय बारा," ते म्हणाले. "ग्रीक माणसाच्या घोड्याला पुरेल."

मग नाव सांगितलं. डॉ. विश्राम अष्टपुत्रे, पुण्याच्या एका कॉलेजातून इतिहासाचे प्राध्यापक म्हणून निवृत्त. विषय, प्राचीन ग्रीकांची घरं आणि सामाजिक विषमता. त्यावर त्यांचं मोठं पुस्तक चाललं होतं आणि उत्खननातल्या घरांचे नकाशे सुबक काढून हवे होते. शिवाय वलवणच्या बाजूला त्यांनी जागा घेतली होती. तिथं घर बांधायचं होतं. दोन्ही कामं मलाच दिली.

आता खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मी त्या माणसावर लुब्ध होतो. ते बोलायला लागले की उत्तर ग्रीसमधलं ऑलिंथस नावाचं उजाड शहर माझ्या गाळ्यात उभं राहायचं. सरळ रस्ते. दोन रस्त्यांच्या मधे घरांची आळी, पाठीला पाठ लावून दोन रांगा, रांगेत पाच घरं. प्रत्येकाचा चौरस जवळपास सारखा. मधे अंगण, उत्तरेला ओसरी आणि दर्शनी बाजूला पुरुषांची बैठक, जिथं भिंतीला लागून बाकांवर लवंडून पाहुणे दारू पीत. "घर मोजा, मुलाणी, घर मोजा," ते टेबलावर बोट आपटून म्हणत. "पुढारी काय बोलतात ते ऐकू नका. सगळ्यात मोठ्या घराला सगळ्यात लहान घरानं भागा. समाज कळतो. या लोकांत जुन्या काळी सेनापतीचं घर शेजाऱ्याच्या घरापासून ओळखू येत नसे! पुढं माणसं माजली, दोन-दोन अंगणांची घरं झाली, आणि तिथंच सगळं नासलं."

एकदा नकाशा काढता काढता मी सहज विचारलं, "सर, यात गुलाम कुठं झोपायचे?"

"पुरावा नाही," सर म्हणाले.

"पण होते ना?"

"होते. ढिगानं होते. पण त्यांची खोली अशी दाखवता येत नाही. पुरावा नसलेली गोष्ट मी नकाशात काढत नाही."

मला ते फार शिस्तीचं उत्तर वाटलं. आज हसू येतं.

घरं मोजण्याची त्यांना खोडच होती. कुणाकडे चहाला गेले की चपला काढायच्या आत टेप बाहेर. एकदा कामशेतला माझ्या घरी आले. अम्मीनं त्यांच्यासाठी शिरखुर्मा केला होता, ईद नसताना. सरांनी आधी आमची पुढची खोली मोजली, मग स्वयंपाकघर, मग दोन्हींची बेरीज करून अम्मीला म्हणाले, "मावशी, तुम्ही ऑलिंथसमध्ये असता तर गरिबांत मोडला असतात."

अम्मी म्हणाली, "हितं पण गरिबांतच मोडतो, बाबा. त्यासाठी लांब कशाला जायचं? खाऊन घ्या, गार होतंय."

सर मोठ्यानं हसले आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. शिरखुर्मा दोन वाट्या खाल्ला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या आईला उपजत समज आहे. शिकल्या असत्या तर..." आणि पुढचं वाक्य हवेत सोडलं. अशी अर्धी वाक्यं त्यांच्याकडे पुष्कळ होती. समोरच्याला ती कौतुकासारखी वाटत.

वलवणचं घर त्यांना ग्रीक हवं होतं. रस्त्याकडे पाठ, मधे फरसबंद अंगण, उत्तरेला ओसरी आणि डावीकडे पुरुषांची बैठक. त्या बैठकीत बाया बसत नसत, हे पुस्तकातलं. इथं बसल्या तर चालेल, असं ते विनोदानं म्हणत. मी मनापासून काढलं ते घर. मग म्हणालो, "सर, राखणदाराची खोली? लोणावळ्यात बंगला म्हटला की माणूस ठेवावाच लागतो."

"हो हो. मागच्या कोपऱ्यात घ्या. पाण्याच्या टाकीखाली जागा आहे."

मी टाकीखाली आठ बाय नऊची खोली बसवली आणि अंगणाकडे एक खिडकी दिली. दुसऱ्या दिवशी नकाशा परत आला. खिडकीवर तांबड्या पेन्सिलीनं फुली होती.

"अंगण हे घराचं काळीज," सर म्हणाले. "मी संध्याकाळी तिथं बसणार. कुणीतरी खिडकीतून बघतंय, हे मला चालणार नाही."

"मग मागच्या बाजूला देतो."

"तिकडून पाऊस येतो. दार आहे की. दारातून हवा येते."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. राहायच्या खोलीला खिडकी नसेल तर नकाशा मंजूर होत नाही, हे मी सांगितल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग तिला स्टोअर म्हणा."

मी 'स्टोअर' असं लिहिलं. माझ्या अक्षरात आहे ते. सरांबद्दल मी पुढं जे काही लिहिणार आहे ते वाचताना हेही ध्यानात ठेवावं.

त्या स्टोअरमध्ये बबन आणि सुमन शेडगे राहायला आले. पवनेच्या बाजूच्या एका गावातलं जोडपं, तिशी ओलांडलेलं. मूलबाळ नव्हतं. बबन मुलखाचा अबोल. झाडं, पंप, गेट, सगळं तो मान खाली घालून करायचा. सुमन मात्र बोलकी, काळीसावळी, डोळ्यांत सतत कशाची तरी मजा वाटत असल्यासारखी. मला 'भाऊ' म्हणायची. सरांच्या बोलण्यातले ग्रीक शब्द ती बरोब्बर लक्षात ठेवायची आणि मागच्या दारी आपल्या पद्धतीनं वापरायची. पुरुषांच्या बैठकीला ग्रीक लोक 'अँड्रॉन' म्हणत. सुमन म्हणायची, "आंद्रूनात झाडू मारून आले, आता भाकरी टाकते."

घर बांधून झाल्यावर सरांचे रविवारचे वर्ग सुरू झाले. पुण्याहून विद्यार्थी, दोन-चार निवृत्त अधिकारी, त्यांच्या बायका, एखादा पत्रकार. सगळे भिंतीलगतच्या बाकांवर बसत आणि सर मधे उभे राहून समतेवर बोलत. बोलत ते अप्रतिमच. एका रविवारी एका मुलीनं तोच प्रश्न विचारला, जो मी विचारला होता. गुलाम कुठं झोपायचे? सरांनी तेच उत्तर दिलं. पुरावा नाही.

सुमन चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं तिथूनच मला विचारलं, "काय म्हनत्यात वो भाऊ?"

"त्या लोकांकडे कामाला बाया-माणसं होती. ती रात्री कुठं निजायची ते सापडत नाही म्हणतात."

"न्हाई सापडत?" सुमन म्हणाली. "मंग नीट हुडकलं नसंल. पान्याच्या टाकीखाली बघा म्हनावं."

ती हळू बोलली नव्हती. सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्यानं सर हसले. ते हसले म्हटल्यावर बाकीचे सुटले. त्या मुलीनं मात्र हसू दाबत सरांकडे एकदा बघून घेतलं.

मला वाटलं, आता हिची धडगत नाही. पण सर तसले नव्हते. त्यांनी सुमनला शब्दानं दुखावलं नाही. त्यांनी तिचं वाक्य उचललं. पुढच्या महिन्यात पुण्यात त्यांचं व्याख्यान होतं, मी नकाशांचे फलक लावायला गेलो होतो. गुलामांचा विषय निघाला तेव्हा सर थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "मी नेहमी म्हणतो, आपण नीट शोधलेलंच नाही. पाण्याच्या टाकीखाली बघायला हवं." टाळ्या पडल्या. त्यानंतर प्रत्येक व्याख्यानात ते वाक्य त्याच ठिकाणी, चष्मा काढूनच येई. कुणीतरी विचारावं, कुठली टाकी हो सर? कुणीही विचारलं नाही. मीही नाही.

लोणावळ्याचा पाऊस इथल्या माणसाला नवा नाही, पण टाकीखालच्या त्या खोलीत पावसाळा दिवाळीपर्यंत मुक्काम ठोकून असायचा. वरून टाकी पाझरायची, भिंतींना बुरशी. दार उघडं ठेवलं तर अंगणातून दिसतं म्हणून सरांनी त्याला पडदा लावायला सांगितला होता. आत स्टोव्ह. चौथ्या पावसाळ्यात सुमनला धाप लागायला लागली. डॉक्टरनं बबनला सांगितलं, जागा बदला, नाहीतर निदान खोलीला खिडकी पाडा. बबननं ते सरांना जसंच्या तसं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मागत असावा, मान वर करून.

सर म्हणाले, "बघू. दिवाळीनंतर बघू."

त्या श्रावणात एका सकाळी मी पुस्तकाच्या नकाशांच्या बिलावर सही घ्यायला वलवणला गेलो होतो. सुमन पायरीवर बसली होती आणि तिला श्वास घेता येत नव्हता. ओठ काळेनिळे पडले होते. बबन तिची पाठ चोळत होता. मी सरांना हाक मारली. ते लगेच बाहेर आले, परिस्थिती बघितली आणि म्हणाले, "माझी गाडी काढा, मुलाणी." मला बरं वाटलं. अखेर माणूस आहे, असं वाटलं. मी गाडी पोर्चमधून काढून मागचं दार उघडलं. बबननं तिला उचललं.

"थांबा," सर म्हणाले.

ते आत गेले. बबन तिला उचलून तसाच उभा. सुमनच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. सर परत आले ते जुनी चादर घेऊन. त्यांनी ती मागच्या सीटवर पसरली. चारही कोपरे नीट खोचले. पायाशी वर्तमानपत्र घातलं. मग म्हणाले, "हं, बसवा आता."

मी गाडी चालवली. दवाखान्यात तिला चार दिवस ठेवलं. सर एकदा भेटायला आले, मोसंबी घेऊन, आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्यांनी दवाखाना ही संकल्पना ग्रीकांनी कशी आणली ते समजावून सांगितलं. त्यांच्या विद्यार्थ्यांत ही गोष्ट आजही सांगतात, सरांनी मोलकरणीला स्वतःच्या गाडीतून कसं नेलं. स्मरणिकेत आहे ती. चादर नाही.

दिवाळी आली आणि गेली. खिडकीचा विषय निघाला नाही. मग थंडीत सरांना परदेशातून आमंत्रण आलं, ग्रीक घरांवरच्या परिषदेत निबंध वाचायला. तीन आठवडे गेले. जाताना बबनला झाडांची यादी देऊन गेले.

ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बबनचा फोन आला. त्याचा फोन येणं हीच बातमी होती.

"भाऊ, त्या भित्तीत बीम कुटं हाय? कुटं फोडली तर टाकी न्हाई यायची खाली?"

मी जुना नकाशा काढून टेबलावर पसरला. मग म्हणालो, "दारापासून चार फूट सोड. जमिनीपासून कंबरेच्या वर. दोन बाय दोनच्या पुढं जाऊ नकोस."

सरांच्या घरासाठी मी केलेलं एवढंच एक काम मला अजून आवडतं.

छिन्नी-हातोडीनं दोघांनी मिळून ती भिंत फोडली. सुमन विटा काढून रचत होती. कामशेतच्या भंगारवाल्याकडून बबननं सागाची जुनी चौकट आणली, तिला दोन झडपा होत्या, एक हिरवी आणि एक निळी. मी बघायला गेलो तेव्हा सुमन खाटेवर बसून नुसती बाहेर बघत होती. अंगणात उन्हाचा पट्टा पडला होता. "भाऊ, कुत्रं चाललंय बघा," ती म्हणाली. अंगणातून खरंच एक कुत्रं चाललं होतं. तिला ते फार मोठं काहीतरी वाटत होतं.

सर परत आले त्या संध्याकाळी मला बोलावणं आलं. ओरडणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, बरोबर खिडकीसमोर. बबन आणि सुमन ओसरीच्या कडेला उभे.

"मुलाणी, माझ्या घराचा नकाशा कुणी बदलला?"

"सर, डॉक्टरांनीच..."

"मी डॉक्टरांना विचारत नाहीये. बबन, मी तुमच्यासाठी काय केलं नाही? आं? बाईला माझ्या गाडीतून नेलं. मी विचारतो, हा विश्वास म्हणायचा का? माझ्या पाठीमागं माझी भिंत फोडायची?"

बबन खाली बघत होता. सुमन म्हणाली, "तुमी हुतात तवाबी इचारलं हुतं, सर. तुमी म्हनला, दिवाळीनंतर. मंग दिवाळीनंतर फोडली."

सरांनी तिच्याकडे बघितलं नाही. "उद्या ती बुजवून घे, बबन. रंगही द्यावा लागेल."

"बुजवा," बबन म्हणाला. "आमी निगाल्यावं बुजवा."

सरांना वाटलं तो रागाच्या भरात बोलतोय. तो रागात नव्हताच. दुसऱ्या दिवशी सकाळी एक ट्रंक, एक गादी, स्टोव्ह आणि दोन पोती घेऊन ती दोघं टेम्पोत बसली. निघण्याआधी बबननं पहार घालून खिडकीची चौकट झडपांसकट काढली आणि टेम्पोत टाकली. ती त्याची होती. भिंतीत भोक राहिलं. सरांनी मला गवंडी बघायला सांगितलं. मी म्हणालो, सीझन आहे, गवंडी मिळत नाही. महिनाभर तेच म्हणत राहिलो. माझं धैर्य तेवढंच. शेवटी त्यांनी त्या भोकावर निळं प्लास्टिक ठोकून घेतलं.

सरांचं पुस्तक आलं, गाजलं, कुठलासा सन्मानही मिळाला. वलवणच्या घरात मात्र माणूस टिकेना. जोडपी यायची, टाकीखालची खोली बघायची आणि उभ्या उभ्याच माघारी फिरायची. "लोकांना काम नको झालंय," सर म्हणत. गुडघे गेले. मुलगी परदेशात. अंगणातल्या फरशांतून गवत वर आलं. तीनेक वर्षांनी त्यांचा मला फोन आला.

"मुलाणी, ते बबन कुठं असतात? मला घेऊन चला."

मी नाही म्हणू शकलो असतो. पण मला बघायचं होतं. कामशेतहून आम्ही रिक्षा केली. घाट चढून पवनेच्या बाजूला उतरलो, गावात शिरलो. बबन कामशेतला भाताच्या गिरणीवर लागला होता, त्या वेळी तो तिकडेच होता. सुमननं स्वतःचा उद्योग काढला होता. धरणाकाठी तंबू टाकून पर्यटक राहतात, त्यांना तांदळाच्या भाकऱ्या पुरवायच्या. घर दोन खोल्यांचं, विटांचं, गिलावा अजून व्हायचा होता. ओट्यावर तीन चुली पेटल्या होत्या आणि गावातल्या दोन बाया तिच्याबरोबर भाकऱ्या थापत होत्या. सुमन अंगानं भरली होती.

"या सर," ती उठून म्हणाली. "भाऊ, बसा. खुर्ची आन गं, सरांना खाली बसता येत न्हाई."

सर बसले. श्वास जागेवर आल्यावर सरळ मुद्द्यावर आले. टाकीखालची खोली पाडून नवी बांधतो म्हणाले. मोठी. दोन खिडक्यांची. संडास वेगळा. "तुम्ही दोघं परत या. मला आता जमत नाही, बाई."

हे शेवटचं वाक्य त्यांनी खरं म्हटलं होतं. आवाजही वेगळा होता. सुमननं ते ओळखलं, कारण तिचे पिठाचे हात थांबले.

"न्हाई जमायचं, सर," ती म्हणाली. "ह्या दोघींचं पोट हितं हाय. चार वाजता दीडशे भाकरी जायची हाय. पन एक करते. शेजारच्या गावात माझ्या चुलत्याचा मुलगा हाय, त्याला मानूस बघायला सांगते. खोली बांधा मात्र. आधी बांधा, मंग मानूस बघा."

"तू आलीस तर..."

"मी न्हाई येनार." ती अगदी शांतपणे म्हणाली. मग विचारलं, "सर, तुमचे ते गिरीक लोक, ते समदे गेले ना आता?"

"गेले. केव्हाच."

"बरं झालं," सुमन म्हणाली. "भाकरी खा. गरम हाय तवर."

सरांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, ठेचा लागला म्हणून डोळ्यांत पाणी आलं, ते रुमालानं पुसलं. सुमननं चार भाकऱ्या कागदात बांधून त्यांच्या शबनममध्ये घातल्या आणि हात धरून त्यांना रिक्षापर्यंत पोचवलं.

रिक्षा वळणावर आली तेव्हा सरांनी मागं वळून बघितलं आणि मान हलवली.

"बुद्धिमान बाई," ते म्हणाले. "भाकऱ्या थापतेय. वाया गेली, मुलाणी, वाया गेली."

मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. म्हणालो, सरांना स्टेशनवर सोडा, लोकलमध्ये बसवून द्या. आणि उतरलो. कामशेत तिथून चांगलं लांब होतं, मागून येणारी जीप मिळेल न मिळेल, पण मला त्या माणसाशेजारी आणखी एक मैलही बसवेना.

सर वाया गेलेल्या बुद्धीवर बोलत सुटले होते, त्यांच्या ते लक्षात आलं नाही. रिक्षा उतारावरून पुढं निघाली. मागच्या फटीतून त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं आणि बाहेर काढलेला उजवा हात. माझ्या रिकाम्या जागेकडे तोंड करून ते काहीतरी समजावून सांगत होते. रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत तो हात हलत होता.